वॉर्डातली उदासी

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातली नर्सिंग महाविद्यालयं संलग्न आहेत. बी.एस्सी. नर्सिंगच्या ४ वर्षांत वर्गाबरोबर वॉर्डही असतो. कोवळ्या वयात रुग्णाचा मृत्यू जवळून पाहायचा आणि परीक्षाही द्यायची! त्यात रात्रपाळीनं मेंदूतलं घड्याळ बिघडतं, झोप तुटते आणि नैराश्याचा धोका वाढतो. साधा थकवा विश्रांतीनं उतरतो. पण २ आठवडे जवळजवळ रोज उदास वाटलं, आवडत्या गोष्टीतही मन रमेना, तर तो आजार असू शकतो. त्याला आळस म्हणणं हा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ५ प्रश्नांची चाचणी मात्र आजाराचं नावही न काढता विचारते: मन प्रसन्न होतं का? उठल्यावर ताजंतवानं वाटलं का? १०० पैकी ५० पेक्षा कमी गुण आले, तर डॉक्टरांशी बोलावं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.