‘येतो’ म्हणणारे आणि येणारे

रोटरॅक्ट क्लबच्या, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबच्या, पदग्रहणाला अध्यक्षाच्या गळ्यात कॉलर पडते, सचिवाच्या हाती इतिवृत्ताची वही येते, खजिनदाराकडे पावतीपुस्तक. उपाध्यक्षाच्या वाट्याला टाळ्या. अध्यक्ष गैरहजर असेल तर सभा उपाध्यक्षाने चालवावी, एवढीच काय ती त्याची ठरलेली जबाबदारी. आमचा अध्यक्ष सभा चुकवणाऱ्यांतला नव्हता. मग जे काम कुणाच्याच नावावर नव्हतं ते आपसूक माझ्याकडे, म्हणजे उपाध्यक्षाकडे, आलं, आणि कॉलेजच्या क्लबात असल्या कामाला तोटा नसतो.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्यात वृक्षारोपण, वह्यावाटप, दिवाळीचा फराळ हे सगळं येतं. फोटोही छान येतात. पण उपाध्यक्षाची खरी परीक्षा रक्तदान शिबिरात होते, कारण तिथे हौसेवर भागत नाही.

प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर कार्यालयाचा आवक शिक्का, जिमखान्याची किल्ली सांभाळणाऱ्या शिपाईकाकांची मनधरणी. मग रक्तपेढीतून फोन येतो. हॉल कितव्या मजल्यावर आहे? पंखे चालतात का? प्लगचे पॉइंट भिंतीपासून किती लांब? गाडी दारापर्यंत येईल ना? यातला एकही प्रश्न आमच्या पोस्टरवाल्या मंडळींना सुचलेला नसायचा.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंगठे भरपूर पडतात. त्यावर विसंबून नाश्त्याची ऑर्डर देणारा खजिनदार मी पाहिला आहे. संध्याकाळी उपम्याचं पातेलं वसतिगृहात पोचवावं लागलं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी एकेकाला फोन करणं हे माझं काम. त्यात एक गोष्ट लक्षात आली. ‘येणार ना?’ असं विचारलं की जो तो ‘येतो’ म्हणतो. ‘दहाला येतोस की साडेअकराला?’ असं विचारलं की माणूस क्षणभर थांबतो, त्याला प्रॅक्टिकल आठवतं, आणि मग जी वेळ तो सांगतो ती बहुधा पाळतो. फोन ठेवताना शेवटचं वाक्य ठरलेलं: नीट झोप, सकाळी खाऊन ये. उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं, आणि सकाळी फक्त चहावर निघणाऱ्यांची संख्या आपल्या कॉलेजांत भयंकर आहे.

शिबिरात सगळ्यात जास्त घालमेल होते ती तपासणीच्या टेबलाशी. वय १८ पूर्ण हवं, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब सरळ तळाला गेला तर पुढे जायचं. तरंगत राहिला किंवा अर्ध्यातून वर आला, तर परत. ते काही सेकंद रांगेतले सगळे त्या निळ्या नळीकडे बघत असतात. परत फिरणाऱ्यांत मुली जास्त. मैत्रिणींसोबत हसत आलेली मुलगी एकटीच बाजूला उभी राहते, आणि मागून एखादा शहाणा ‘अगं, खात नाहीस का काही?’ म्हणून मोकळा होतो.

ही बाजूला झालेली माणसं सांभाळणं हे शिबिरातलं सगळ्यात दुर्लक्षित काम, असं माझं मत आहे. अहवालात पिशव्यांचा आकडा येतो, परत गेलेल्यांचा येत नाही. आम्ही त्यांना नोंदणीच्या टेबलावर बसवायचो, बिस्किटं-कॉफी द्यायला उभं करायचो, आणि हिमोग्लोबिन कमी आल्याचं चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना दाखवायला सांगायचो. ज्यांना आपलं हिमोग्लोबिन कमी आहे हे आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाशी कळलं, अशा कितीतरी मुली होत्या. शिबिराचा हाही उपयोगच.

आता तारखेविषयी. कॉलेजांची, मंडळांची शिबिरं १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा कुणाच्या तरी वाढदिवसाला एकदम उगवतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. एकदा रक्त दिलं की पुरुषाला ३ महिने आणि स्त्रीला ४ महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे एकाच आठवड्यात सगळी शिबिरं उरकली की पेढीत साठा ओसंडतो आणि दातेही काही महिने बाद होतात. मग एप्रिल-मे उजाडतो, कॉलेजं बंद, वसतिगृहं ओस, आणि रक्ताच्या तुटवड्याच्या बातम्या दरवर्षी त्याच सुमारास छापून येतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच; त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

म्हणून आम्ही एक शिबिर परीक्षेनंतर घेतलं, शेवटचा पेपर संपल्यावर आणि मुलं गावाला जाण्याआधी. गर्दी कमी होती, पाहुणे नव्हते, बॅनरही जुनाच. रक्तपेढीच्या समाजसेविका बाई मात्र निघताना म्हणाल्या, पुढच्या वर्षीही हीच तारीख धरा. ऑगस्टच्या भरगच्च शिबिरापेक्षा मी या शिबिराला जास्त गुण देईन.

येत्या १ जुलैला ज्या क्लबांत नवी कार्यकारिणी बसेल, त्यांच्या उपाध्यक्षांना एवढंच सांगणं: पोस्टर करायला टाकण्याआधी जवळच्या रक्तपेढीला फोन लावा आणि ‘तुम्हाला रक्त कोणत्या आठवड्यात कमी पडतं?’ असं विचारा. तारीख त्यांना ठरवू द्या.