साठ पिनांची कॅसेट

भिवंडीत यंत्रमाग घेणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मागाची रुंदी ठरली की तिच्याहून मोठ्या पन्ह्याचे कापड त्यावर निघत नाही. कोणत्या मालात धंदा करायचा, हे यंत्र निवडतानाच बरेचसे ठरते. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांतली स्पर्धाही अशीच, कॅसेटच्या खाचेत ठरत गेली.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या. कॅसेट कोणी बनवली, हे तपासण्याची सोय यंत्रात नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेत निकृष्ट खेळांचा सुळसुळाट होऊन अटारीसकट तिथला बाजार कोसळला. म्हणून १९८५ साली अमेरिकेत उतरताना निन्टेन्डोने पिना ७२ केल्या आणि यंत्रात व कॅसेटमध्ये परस्परांना ओळखणाऱ्या चिप बसवल्या. ओळख पटली नाही, तर यंत्र पुन्हापुन्हा नव्याने सुरू होई. खेळ चालत नसे. या कुलपाच्या जोरावर कंपनीने खेळ बनवणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला आणि वर्षाला पाच खेळांची मर्यादा घातली.

आशियात मात्र बिनकुलपाची ६० पिनांची खाच पसरली. यंत्राची बहुतेक करामत पुढे एकाच चिपमध्ये मावू लागली आणि स्वस्त नकला निघाल्या. आपल्याकडे ‘सामुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी विकली गेलेली यंत्रे याच कुळातली. १९९५ साली शॉ वॉलेसने सेगाचे अस्सल यंत्र भारतात आणले, पण त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. कामगारांच्या गावात ते घेणार कोण? शिवाय त्याची खाच वेगळी. शेजारच्या मुलाकडून मागून आणलेली कॅसेट त्यात बसत नसे. स्वस्ताईइतकाच अदलाबदल हाही नकलांचा जोर होता.

याची किंमत खेळ रचणाऱ्यांनी मोजली. एका कॅसेटवर शेकडो खेळ छापलेले असत. प्रत्यक्षात तेच तेच खेळ फिरून येत. अनेकदा पडद्यावरचे मूळ कंपनीचे नावही पुसलेले असे. ‘मारिओ’ घरोघर पोहोचला, पण तो रचणाऱ्या शिगेरू मियामोतोंचे नाव पोहोचले नाही, आणि या कॅसेटांचा पैसाही मूळ कंपनीकडे गेला नाही. हात राबले एकाचे, मजुरी गेली दुसरीकडे. मागांच्या गावाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आज कुलूप इंटरनेटवरच्या खात्यात गेले आहे. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५चा एक प्रकार तर डिस्कच्या खाचेविनाच मिळतो. त्यात विकत घेतलेला खेळ कॅसेटसारखा शेजाऱ्याच्या हातात ठेवता येत नाही.