सोसायटीत पाणी तुंबलं? पंप घेण्याआधी हे वाचा

हिंदमाता, परळचा भाग बशीसारखा खोलगट. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, की निचरा मंदावतो आणि पाणी आवारात शिरतं.

कोणता पंप घ्यावा? टाकीचा साधा पंप गाळाने अडकतो. गढूळ पाण्यासाठीचा सबमर्सिबल पंप घ्या. शॉक टाळण्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पेट्रोलवरचा पंप बंद जागेत चालवू नका. त्याचा धूर जीवघेणा ठरतो.

कधी लावावा? रस्ताच तुंबलेला असेल तर उपसलेलं पाणी परत आत येतं. रस्त्यावरचं पाणी ओसरू लागल्यावरच पंप सुरू करा.

मॅनहोलचं झाकण मात्र उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर यांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला होता.