बिल्ला कोणाच्या छातीवर?

जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही क्ष-किरण खोलीत तंत्रज्ञाच्या छातीवर बिल्ला असावा लागतो. अंगावर किती किरणे पडली, ते त्यावरून मोजतात. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ही त्याची मर्यादा. सामान्य माणसाची 1. या मर्यादा पाळल्या जातात की नाही, हे पाहणारे अणुऊर्जा नियामक मंडळ 15 नोव्हेंबर 1983 रोजी स्थापन झाले. परंतु 2012 मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, देशातल्या 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी फक्त 5,270 नोंदलेली होती. उरलेल्या खोल्यांत रोग्याला धरून उभा राहणारा वॉर्डबॉय मंडळाच्या हिशेबातच नव्हता. तो बहुधा कोणत्या वस्तीतून येतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

तरी क्ष-किरण यंत्राची वीज तोडली की किरणे थांबतात. कोबाल्ट-60 ला बटण नसते. ते वर्षानुवर्षे किरणे सोडतच राहते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात पडून असलेले असे एक उपकरण 2010 मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले. विकणारे रसायनशास्त्र शिकवणारे होते. मायापुरीच्या भंगारबाजारात ज्यांनी ते फोडले, त्यांना धातूचा भाव तेवढा ठाऊक होता. त्यांच्या छातीवर बिल्ला नव्हता. एक कामगार मेला, इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.