अर्ध्या डॉलरची लस

आम्हां गोमंतकीयांच्या मनात रोगराई म्हटली की पावसाळा उभा राहतो. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात याच्या नेमके उलट घडे. पावसाचा थेंब नसलेल्या दिवसांत धुळीने भरलेला हरमॅटन वारा वाहू लागे आणि मेनिन्जायटिसची साथ येई. मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणास सूज आणणारा हा रोग. तेथील बहुतेक मोठ्या साथी त्याच्या ‘ए’ जातीच्या जंतूमुळे येत. काल अंगणात खेळणारे मूल एक-दोन दिवसांत दगावे; वाचलेच तर कित्येकदा बहिरे होई. १९९६-९७ च्या साथीत सुमारे २,५०,००० लोक आजारी पडले व २५,००० मृत्यू पावले.

हानी एवढ्यावरच थांबत नसे. बुर्किना फासो या देशात २००६-०७ च्या साथीत एका रोग्यामागे कुटुंबास सुमारे ९० डॉलर खर्च आल्याचे पाहणीत आढळले. तेथील माणशी वार्षिक उत्पन्नाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय!

जुनी लस होती. परंतु तिचा प्रभाव अल्पकाळ टिके आणि तान्ह्या मुलांना तिचा उपयोग बेताचाच. अधिक चांगली लस कशी करावी, हे शास्त्रज्ञांस ठाऊक होते. जंतूच्या कवचातील शर्करेस एखाद्या प्रथिनाची जोड दिली, म्हणजे शरीर त्या शत्रूची ओळख दीर्घकाळ विसरत नाही. अडचण विद्येची नव्हती, बाजाराची होती. गिऱ्हाईक गरीब, तेव्हा मोठ्या कंपन्यांना त्यात स्वारस्य वाटेना.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना व ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था यांनी मिळून हे काम अंगावर घेतले. गेट्स प्रतिष्ठानने ७ कोटी डॉलर दिले. लस आधी आणि किंमत मागाहून, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला. काय परवडेल, हे प्रथम आफ्रिकेतील अधिकाऱ्यांनाच विचारले. एका मात्रेस अर्ध्या डॉलरहून अधिक नको, असे उत्तर आले. माझ्या मते खरा शोध येथेच लागला.

मग त्या किंमतीत बसेल अशी कामाची वाटणी झाली. प्रारंभी शर्करा आली ॲमस्टरडॅमहून. जोडणीचे तंत्र अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून. जोडीचे प्रथिन, म्हणजे निर्विष केलेले धनुर्वाताचे विष, आणि प्रत्यक्ष उत्पादन हे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. चाचण्या भारताप्रमाणेच माली, गांबिया, सेनेगल येथे झाल्या. यांपैकी एकट्याने हे कार्य तडीस नेले असते, असे वाटत नाही.

‘मेनआफ्रिव्हॅक’ हे तिचे नाव. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत तिचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. ही लस ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस टिकू शकते, हे सिद्ध होऊन २०१२ साली तशी परवानगीही मिळाली. म्हणजे दूरच्या खेड्यांपर्यंत बर्फ वाहून नेण्याचा खर्च व खटाटोप वाचला. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती टोचण्यात आली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ जातीच्या मेनिन्जायटिसचा एकही निश्चित रोगी नोंदला गेलेला नाही.

अर्थात जंतूच्या इतर जाती राहिल्याच, आणि त्यांच्या साथी अद्याप येतात. म्हणून पुण्याची तीच संस्था व ‘पाथ’ पुन्हा एकत्र आल्या. पाच जातींवर चालणाऱ्या त्यांच्या नव्या लसीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मान्यता दिली, आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांआधी वापरात आणली.