पेरणी जूनला, हप्ता ऑगस्टला

पगार सात तारखेला झाला तर घरभाडे, वाण्याची उधारी आणि मुलांची फी भागते. तोच पगार वीस तारखेला झाला तर रक्कम तेवढीच असते, पण मधले तेरा दिवस उसनवारीत जातात. हे कोणत्याही कामगाराच्या घरात समजावून सांगावे लागत नाही. शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा हिशेबही असाच मांडला पाहिजे. किती मिळाले याबरोबर केव्हा मिळाले, हेही विचारले पाहिजे.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही केंद्र सरकारची योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. लागवडीची जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. मधला दलाल नाही, कोणापुढे हात पसरणे नाही. ही जमेची बाजू मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

आता खर्चाची बाजू पाहू. एप्रिल ते जुलै या काळातला हप्ता खरिपाच्या पेरणीला उपयोगी पडावा. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. त्याआधी बी आणि खत घरात हवे. हा हप्ता २०२१ साली १४ मे रोजी आला, २०२२ साली ३१ मे रोजी आला. तो वेळेवर होता. २०२३ साली मात्र तो २७ जुलैला आला, २०२४ साली १८ जूनला आणि २०२५ साली तर २ ऑगस्टला. २०२३ चा हप्ता राजस्थानात सीकर येथे आणि २०२५ चा वाराणसी येथे जाहीर समारंभात सोडण्यात आला. समारंभ पुढेमागे झाला तरी चालते, मृग कोणासाठी थांबत नाही.

ऑगस्टात पैसा आला म्हणून तो वाया जातो असे नाही. निंदणीला, फवारणीला तो लागतोच. पण बियाणे तोवर उधारीवर आलेले असते. समजा, २,००० रुपये महिना शेकडा ३ ने दोन महिन्यांसाठी काढले, तर व्याज १२० रुपये झाले. हप्ता हाती येण्याआधीच त्यातले १२० रुपये सावकाराचे झाले. यालाच आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात.

दुसरा प्रश्न रकमेच्या मोलाचा. २०१९ साली ठरलेले ६,००० रुपये २०२५ सालीही ६,०००च होते. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचा सरकारने ठरवलेला कमाल भाव मात्र २०१९ साली ७३० रुपये होता, तो २०२५ साली ९०१ रुपये झाला. २,००० रुपयांतून दोन पाकिटे घेतली, तर तेव्हा ५४० रुपये उरत. २०२५ साली १९८ उरले. डीएपी खताची एक गोणी १,३५० रुपयांची. ती घेतली तर उरलेल्या पैशांत बियाण्याचे एक पाकीटही येत नाही. महाराष्ट्र शासनाने नमो शेतकरी महासन्मान निधीतून वर्षाला आणखी ६,००० रुपये दिले. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे सुटला. दोन्ही मिळून महिन्याला १,००० रुपये होतात. आधार आहे, पण तोकडा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवर लेख लिहून दाखवून दिले होते, की शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती, त्यावर ते ठरते. भांडवल हवे त्या वेळी मिळाले नाही, तर ते मिळून न मिळाल्यासारखेच.

आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांचे काय? बटाईने शेत करणारा, गायरान कसणारा, दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारी करणारी आमची माय-बहीण, यांना या योजनेत जागा नाही. पेरणी मात्र त्यांच्याच हातांनी होते. ओडिशा सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांनाही जोडधंद्यासाठी १२,५०० रुपयांची तरतूद केली होती. म्हणजे मनात असले तर मार्ग निघतो.

ज्यांना हक्क आहे त्यांनी तो सोडू नये. आधार बँक खात्याला जोडलेले आहे काय, ई-केवायसी झाली आहे काय, हे मे महिन्यापूर्वीच पाहून घ्यावे. घरातला कर्ता गेला असेल तर तलाठी कार्यालयात वारसनोंद करून घ्यावी आणि त्यात पत्नीचे नाव सुटू देऊ नये. सरकारी नोकर या योजनेतून वगळले आहेत, पण चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना ही अट नाही. गावाकडे नावावर जमीन असलेल्या शहरातल्या बांधवांनी हे लक्षात ठेवावे.

मागण्या तीनच आहेत. खरिपाचा हप्ता ३१ मेच्या आत जमा व्हावा. बी-खताच्या भावाबरोबर रक्कम वाढावी. कसणाऱ्या भूमिहीनाचा त्यात वाटा असावा. ग्रामसभेत हे ठराव मांडायला पैसा लागत नाही. उठून बोलणारा माणूस लागतो.