वस्त्रोद्योगातील आयात पूरक साहित्याचे सीमाशुल्क-वर्गीकरण : एक विवेचन

प्रस्तावना :
सेलू परिसरातील प्रमुख पीक असलेल्या कापसाला सीमाशुल्क दरपत्रकात ५२ वे स्वतंत्र प्रकरण लाभले आहे. मात्र त्याच कापसाच्या सदऱ्याला लागणारे बटण, चेन, इलॅस्टिक, लेबल यांना व्यापारी ज्या एका नावाने ओळखतात, त्या 'ॲक्सेसरीज'चे प्रकरण दरपत्रकात कोठेच नाही. शीर्ष ६११७ व ६२१७ मध्ये परिधानाच्या पूरक वस्तूंचा उल्लेख आहे खरा. पण त्याचा रोख कापडी पट्ट्यासारख्या तयार वस्तूंकडे आहे. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात हा भेद सहसा निसटतो, म्हणून प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

वर्गीकरणाची रीत :
सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ चे दरपत्रक १९८६ पासून आंतरराष्ट्रीय सुसंवादी पद्धतीवर आधारलेले असून २००३ पासून संकेतांक आठ अंकी आहे. अर्थ लावण्याच्या सहा सर्वसाधारण नियमांपैकी पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा. विभाग व प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असतात. निर्णय शीर्षातील शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा यांवरूनच होतो.

बटण प्लास्टिकचे असो वा धातूचे, ते शीर्ष ९६०६ मध्येच जाते, टिचबटणही तेथेच. प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणाची टीपच त्याला बाहेर काढते. येथे वस्तूचे कार्य निर्णायक ठरते. परंतु बाहीला लावावयाची कफलिंक बटणाचेच काम करीत असूनही नकली दागिन्यांच्या ७११७ या शीर्षात जाते! टिकल्यांच्या बाबतीत तर द्रव्यच सर्वस्व : धातूची टिकली ८३०८ मध्ये, प्लास्टिकची ३९२६ मध्ये, आणि काचेचे मणी ७०१८ मध्ये. धातूचे हूक व बक्कल पुन्हा ८३०८ मध्ये.

इलॅस्टिकचे उदाहरण अधिक बोलके आहे. दुकानात एकाच खोक्यात असणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी मागावर विणलेली ५८०६ मध्ये, सुयांवर विणलेली (निटेड) ६००२ मध्ये आणि वेणीसारखी गुंफलेली ५८०८ मध्ये जाते. पहिल्या दोहोंसाठी रुंदी ३० सेंमीपेक्षा अधिक नसावी लागते, तर रबर वा लवचीक सुताचे प्रमाण वजनाने किमान ५ टक्के असावे लागते. हे डोळ्यांनी ठरत नाही, प्रयोगशाळेत ठरते. शिंपी मीटरवर घेतात ती रनर नसलेली चेन पूर्ण चेन नव्हे, तर ९६०७२० खालील सुटा भाग होय. कापडी लेबल ५८०७ मध्ये असते, त्यावर भरतकाम झाले की ५८१० मध्ये.

व्यावहारिक परिणाम :
२०११ पासून शुल्काचे स्वयंनिर्धारण आयातदारावर आहे. न्हावा-शेवा बंदरात उतरलेल्या मालाच्या बिल ऑफ एन्ट्रीवर 'गारमेंट ॲक्सेसरीज' एवढेच लिहून एक संकेतांक घातल्यास पुढे शुल्कातील फरक, व्याज आणि प्रसंगी दंडही भरावा लागू शकतो. लहान आयातदारास हा भार पेलणे अवघड.

पुराव्याच्या भाराबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय एकत्र वाचावेत. एच.पी.एल. केमिकल्स (२००६) प्रकरणानुसार, वेगळ्या वर्गीकरणाचा आग्रह विभागाचा असेल तर ते सिद्ध करणेही विभागाचेच काम. मात्र मुंबईच्या सीमाशुल्क आयुक्तांच्या दिलीपकुमार आणि कंपनी (२०१८) प्रकरणात घटनापीठाने ठरविले की, माफीच्या अधिसूचनेत संदिग्धता असल्यास लाभ शासनाला मिळेल आणि पात्रता आयातदाराने सिद्ध करावी. कपडे-निर्यातदारांना ठरावीक ट्रिमिंग्ज निःशुल्क आणण्याची सवलत अधिसूचनेद्वारेच मिळत आली (२०१४ च्या अर्थसंकल्पात तिची मर्यादा निर्यातमूल्याच्या ३ वरून ५ टक्के झाली). त्यामुळे त्याच बटणाच्या वर्गीकरणात शंकेचा लाभ आयातदारास, तर माफीत शासनास, अशी विषम स्थिती संभवते. प्रस्तुत लेखकाच्या मते, पाठ्यपुस्तकांनी याची दखल घ्यावयास हवी.

शंका असल्यास आयातीपूर्वीच मुंबईतील अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. २०२१ पासून कार्यरत असलेल्या या प्राधिकरणाचा निर्णय अर्जदार व सीमाशुल्क विभाग या दोहोंवर बंधनकारक असतो. २०२२ च्या दुरुस्तीनुसार तो तीन वर्षे, अथवा कायदा वा वस्तुस्थिती बदलेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर टिकतो.